आळीपाळीचं घर

प्रिय मास्तर,

चित्रकला शिकवणाऱ्याला मास्तर म्हणणारी जगात तू एकटीच, असं तू म्हणायचास. आता ती हाक मारायला मिळत नाही, म्हणून इथे आधी मारून घेतली.

समुपदेशक बाईंनी सुचवलेल्या व्यवस्थेला वर्ष होत आलं. आपल्या भिंगरीने दप्तर घेऊन या घरातून त्या घरात फिरायचं नाही. ती आपल्या घरातच राहील आणि आई-बाबा एकेक आठवडा तिच्याजवळ येऊन राहतील. किती शहाणपणाचं वाटलं होतं आपल्याला! कोर्टाच्या त्या अरुंद खोलीत कितीतरी दिवसांनी आपलं एकमत झालं होतं. एकमेकांबद्दल तिच्यासमोर वाईट बोलायचं नाही, तिच्या हातून निरोप धाडायचे नाहीत, सगळं आपण पाळलं. संसारात उठता-बसता एकमेकांना टोचून बोलणारे आपण, वेगळं होण्यात मात्र पहिल्या नंबरचे निघालो.

माझा आठवडा नसतो तेव्हा मी दादाकडे असते, हे तुला माहीत आहे. वहिनी कधी वावगं बोलत नाही. मला भांडीही घासू देत नाही, तेच अवघड जातं. शिलाई मशीनच्या खोलीत गादी घालते आणि सगळे उठायच्या आत गुंडाळून ठेवते. चष्म्याच्या दुकानात काचा घासताना वेळ बरा जातो. संध्याकाळी मात्र तिथून पाय निघत नाही. मालकांना वाटतं, मला कामाची फार आवड आहे. तूही शाळेमागच्या त्या खोलीत असाच बसून राहत असशील. मी भिंगरीला कधी विचारलं नाही, ती आपणहून सांगत नाही.

शनिवारी दुपारी मी घरी येते तेव्हा तू तासभर आधी निघून गेलेला असतोस. बेसिनला रंगाचा एक डाग नाही, पलंगावर सुरकुती नाही, टूथब्रशसुद्धा नाही. मीही जाताना तसंच करते. एकमेकांना त्रास नको म्हणून आपण घर असं पुसून ठेवतो की कोणी राहत होतं अशी शंकाही येऊ नये. पण तुझ्याच्याने सगळं थोडंच पुसलं जातं? नळ अजून असा आवळतोस की जणू पाणी पळून जाणार आहे. मला दोन्ही हात लावावे लागतात. पहिल्यांदा तुझ्यावर मनातल्या मनात चिडले, आणि मग तिथेच उभी राहून रडले.

गेल्या खेपेला मी आले तेव्हा दार भिंगरीने उघडलं. माझ्या हातातली पिशवी घेतली. पाणी आणून दिलं, तेही आपण कोणी आलं की काढायचो त्या काचेच्या पेल्यात. म्हणाली, दमली असशील, टॉवेल काढून ठेवलाय, साखरेचा डबा आता वरच्या फळीवर असतो. मी हसत विचारलं, मी काय पाहुणी आहे का गं? ती हसली नाही की रुसली नाही.

"तू गेलीस की बाबा येतो, बाबा गेला की तू येतेस. इथे राहते ती मी एकटीच."

अकरा वर्षांची पोर. आपण तिचं घर वाचवलं खरं, पण त्यात राहायला कोणी ठेवलंच नाही.

म्हणून हे पत्र. कोर्टाच्या पुढच्या तारखेला ही व्यवस्था संमतीच्या कागदात घातली जाईल, भिंगरी अठरा वर्षांची होईपर्यंत. मी त्यावर सही करणार नाही. घर तुम्हा दोघांचं राहू दे. तुमची शाळा एकच, ती तुझ्याबरोबर जाईल-येईल. मी दुकानाजवळ दोन खोल्या बघितल्यात. शनिवार-रविवार ती माझ्याकडे येईल, माझा पसारा असलेल्या घरात. बाईंना मी सोमवारी सांगणार आहे, त्याआधी तुला कळायला हवं. आणि हेही कळू दे, की इतके महिने हे मी रेटत राहिले ते तिच्यासाठी नाही. तू नुकताच उठून गेलास अशा घरात मला यायला मिळायचं. तेवढ्यावर माझं भागत होतं, मास्तर. तिचं भागत नाही. या शनिवारी मी येईन तेव्हा निघून जाऊ नकोस. तिला हे दोघांनी समोर बसून सांगायचं आहे, आणि मला एकटीला ते जमणार नाही.

अजून तरी तुझीच,
भिंगरीची आई