रोजचे तीन आनंद, तपासून पास

सोमवार, ३ फेब्रुवारी. सकाळी ६.१०
आजपासून रोज तीन छोटे आनंद शोधून इथे लिहायचे. कँटीनच्या भिंतीवर तसं पोस्टर लागलंय. कठीण दिवसांत छोट्या आनंदांकडे बघावं म्हणे. बघायचं काम मला सांगायला नको. तेवीस वर्षं बाटल्यांच्या कारखान्यात तपासनीस आहे. दिव्यासमोरून बाटली सरकते, मी नजर टाकतो, निकाल लागतो: पास, रिजेक्ट किंवा होल्ड. शंका आली की होल्डच्या ट्रॉलीत, मग सावकाश बघू. आनंदही तसेच तपासून घेणार. उगाच कुठलाही माल नको.
कठीण दिवस कारण हिच्या गळ्याशी गाठ आलीय. शुक्रवारी डॉक्टरांनी सुई घालून नमुना तपासायला घेतला. रिपोर्ट बुधवारी, १२ला. तोवर कोणीतरी खंबीर राहायला हवं. मी आहेच.
रिपोर्ट: होल्ड.

सोमवार, संध्याकाळी
आनंद १: सकाळचा चहा. रंग उत्तम, पण कपावर ओघळ. रिजेक्ट.
आनंद २: बसमध्ये खिडकीची जागा. काच धुरकट. होल्ड.
आनंद ३: सापडला नाही. पहिलाच दिवस आहे.

मंगळवार, ४
हिलाही योजनेत घेतलं. इस्त्री करत होती, तेव्हा विचारलं, तुझे आजचे तीन कोणते? म्हणाली, तुम्ही जरा बाजूला सरकलात तर एक होईल. विनोदबुद्धी शाबूत आहे. माझ्या धीराचा परिणाम.

बुधवार, ५
लवकर सुटलो. ऊन फुकट असतं, म्हणून हिला बळेच गच्चीवर नेलं. मग म्हणाली, मला तुमच्याशी एक बोलायचंय. मी म्हटलं, आधी ऊन खा, बोलणं कुठे पळून जातंय. घड्याळ लावून वीस मिनिटं. पास! पहिला पास!
ती काय म्हणणार होती ते राहिलंच.

गुरुवार, ६
आलो तेव्हा ही फोनवर होती. नुसतं हो, हो. कोण होतं विचारलं तर म्हणाली, कोणी नाही, तुम्ही आधी जेवून घ्या. बहीण असणार. बहिणी घाबरवतात.
ठराव: १२ला रिपोर्टला मी स्वतः हिच्यासोबत जाणार. रजेचा अर्ज उद्याच. सुपरवायझर नाही म्हणाले तर मी ऐकून घेणार नाही.

शुक्रवार, ७
अर्ज लिहिला. खिशात आहे. देणार होतो, पण सुपरवायझर सकाळपासून तापलेले. चिडलेल्या माणसापुढे अर्ज ठेवू नये. नंतर कळलं, माझ्यावरच तापले होते. चाळीस बाटल्या गळ्याशी तडा असून मी पास केल्या. तेवीस वर्षांत असं झालं नाही. म्हणाले, तुम्ही हल्ली बाटलीचा गळा बघतच नाही का? मी म्हटलं, दिवा मंद आहे. त्यांनी दिवा तपासून घेतला. दिवा ठीक आहे म्हणतात. म्हणोत.
आनंद: नाही.

शनिवार, ८
मुलगी न सांगता आली, थेट सामान घेऊन. मी म्हटलं, कशाला नोकरीची रजा घालवलीस, इथे मी आहे ना. ती म्हणाली, बाबा, म्हणूनच आले. लेकीला बापाच्या हाताखाली काम करायची हौस असतेच.
मायलेकी स्वयंपाकघराचं दार लोटून बोलत होत्या. आनंदांची चौकशी करायला मी दोनदा डोकावलो. दोन्ही वेळा बोलणं थांबलं. हिचे डोळे लाल होते. कांदा म्हणाली. ओट्यावर कांदा दिसला नाही, पण एवढं कोण तपासतंय.

रविवार, ९
आज खास आनंददिन. फुलं, रेडिओ, बाहेर जेवण. फुलांनी हिला शिंका सुरू झाल्या. रेडिओवर सगळी रडकी गाणी. हॉटेलात पाऊण तास रांग, त्यात एकजण मध्येच घुसला, मी त्याच्याशी भांडलो, मला घाम फुटला. हिने पर्समधून माझी बीपीची गोळी आणि पाण्याची बाटली काढली. लोक बघत होते. तसेच घरी आलो. हिने अंडी उकडली. मी खाल्ली, तिने नाही.

सोमवार, १०
अर्ज घडीवर फाटलाय. फाटका अर्ज देणं बरं दिसत नाही.

मंगळवार, ११. पहाटे ५
झोप नव्हती. पाणी प्यायला गेलो तर ही आधीच स्वयंपाकघरात, एकटीच, दिवा न लावता. म्हटलं, आज गारठा आहे. तिने माझ्या पाठीवरून हात फिरवला. बरं वाटलं. पास.

मंगळवार, संध्याकाळी
सुपरवायझरांनी स्वतः बोलावून विचारलं, घरी सगळं बरं आहे ना, उद्या रजा हवीय का? मी म्हटलं, छे, सगळं उत्तम. तोंडातून निघून गेलं. जाऊ दे, मुलगी आहे सोबत. तिघं जाऊन डॉक्टरांच्या खोलीत गर्दीच होणार.

बुधवार, १२. संध्याकाळी ७
दिवसभर फोन केला नाही, हिला त्रास नको म्हणून. घरी आलो तर टेबलावर हॉस्पिटलची फाइल. रिपोर्ट मागच्या गुरुवारीच, ६ला आला होता. कॅन्सर आहे. लवकर सापडलाय, बरा होतो, असं डॉक्टर म्हणाले. मंगळवारी ऑपरेशन. आज दोघी फॉर्म भरून आल्या.
मी विचारलं, मला का नाही सांगितलं? ही म्हणाली, कितीदा तोंडाशी आलं होतं, पण तुमचे ते आनंद चालले होते, मोडवेना.
फॉर्म वाचला. पेशंटसोबत राहणारी व्यक्ती: मुलीचं नाव. म्हटलं, माझं का नाही? रागावली नाही. ताट वाढता वाढता म्हणाली, तुम्ही तिथे असलात की मला तुमच्याकडे बघावं लागतं. या वेळी कोणीतरी माझ्याकडे बघायला हवंय.
मला फार भीती वाटते. दहा दिवसांत हे एकदाही लिहिलं नाही, तिला तर बोललोच नाही. तिला वाटते का, तेही विचारलं नाही. ती आत भांडी आवरतेय, आवाज येतोय. उठून विचारायला हवं.
अजून उठलो नाही.