एक किलोमीटरही न चाललेला टायर

प्रिय भाऊजी,

सप्रेम नमस्कार. पत्र लिहायचे कारण एवढेच की तुम्ही माझा फोन उचलत नाही आणि पिकअप सुरू करायची मला भीती वाटते. बाकी आम्ही ठीक. तुमची कंबर कशी आहे? गाडीखाली शिरताना खाली पुठ्ठा घालत जा, हे मी पूर्वीही सांगितले आहे. धाकट्या जाऊबाईंना गुडघा शेकणे चालू ठेवायला सांगा. बरे वाटले की शेक बंद, ही त्यांची सवय मला माहीत आहे. दुखायच्या आधीच काळजी घ्यावी लागते. (हे वाक्य खोडणार होते. राहू दे. पुढे वाचलेत की कळेल.)

आमच्या पिकअपची नोंदवही मी ठेवते, हे तुम्हाला सांगायला नको. लाँड्रीच्या चादरी रुग्णालयात पोचवून तिने चार लाख किलोमीटर गाठत आणले, ते या वहीच्या शिस्तीवर. ऑइल कधी, फिल्टर कधी, ब्रेकचे पॅड कधी, सगळे आखलेले. दर शनिवारी मी मीटर बघते आणि ‘मुदत भरली का?’ या रकान्यात उत्तर लिहिते. आकडा लिहायचा नाही, आकड्यांनी गिचमीड होते. फक्त हो किंवा नाही. (रकाना मीच आखला. कॉलेजात मला संख्याशास्त्र होते आणि दुसऱ्या वर्षी मी पहिली आले होते.) टायमिंग बेल्ट तीन लाख नव्वद हजारांना बदलायचा, असे पहिल्या पानावर लाल शाईत लिहिले आहे. तो पट्टा चालत्या गाडीत तुटला तर आख्खे इंजिन वाया जाते, हे तुम्हीच मला कपात दोन पेन्सिली आपटून दाखवले होते. त्यात कपाचा कान गेला, तेही वहीत आहे. मधूनमधून हे म्हणायचे की इंजिन घरघरतंय, भाऊला दाखवू या का. मी वही पुढे करायची. वहीपुढे यांचे काही चालत नाही.

परवा गुरुवारी पुढचा डावा टायर बसला. पाहते तर झिजून आतल्या तारा दिसायला लागलेल्या. टायर जेमतेम चौदा महिन्यांचा. मला राग आला. स्टेपनी लावली, यांना गाडी चालवायला बसवले आणि वही काखेत घेऊन टायरवाल्याच्या दुकानात गेले. चार गिऱ्हाइके होती, ते बरेच वाटले. असल्या गोष्टी साक्षीदारांसमोर झालेल्या चांगल्या. मी वही उघडून मोठ्याने वाचले. टायर बसवला तेव्हाचे मीटर, ३,८६,८८८. या गुरुवारी सकाळी मी मुद्दाम बघून उतरवलेले मीटर, ३,८६,८८८. म्हणजे तुमचा टायर एक किलोमीटरही न चालता झिजला आहे, याचा मला खुलासा हवा. दुकानदाराने चष्मा पुसला, बाहेर उभ्या पिकअपकडे पाहिले आणि अगदी अदबीने विचारले, “बाई, गाडी इथवर उचलून आणलीत का?”

चारही गिऱ्हाइके टायर न्याहाळू लागली. मी वही मिटली.

परतताना यांना विचारले की वेगाचा काटा पडलेला असतो हे दिसले नाही का. हे म्हणाले, “दिसलं की. पण मी रस्त्याकडे बघून चालवतो. मीटर तुझ्या खात्यात येतं.” मी हिशेब केला. रोज चौसष्ट किलोमीटर, रविवार सोडून, चौदा महिने. तेवीस हजारांवर जाते. म्हणजे वीस हजार किलोमीटर तो पट्टा निव्वळ माझ्या ‘नाही’वर चालला आहे. चौदा महिन्यांच्या मिळून एकसष्ट ‘नाही’ आहेत, सुवाच्य अक्षरात.

तेव्हापासून चावी माझ्याजवळ. चादरी भाड्याच्या टेम्पोतून जातात. त्यात आधी सिमेंट वाहिलेले, म्हणून दोन्ही दिवस चादरींना धूळ लागली. सोमवारी असेच झाले तर दुसरी लाँड्री बघू, असे रुग्णालयाच्या भांडारातल्या बाईंनी सांगितले. त्या शांतपणे बोलल्या, म्हणून मी घाबरले. हे पत्र लिहिताना चार वेळा उठले आहे. हे अंगणात गेले की मला स्टार्टरचा आवाज ऐकू येतो. धुलाईयंत्राचा पट्टा दोनदा तपासला. पाण्याच्या पंपाचा तपासला. शिवणयंत्राचाही. घरात इतके पट्टे आहेत याची मला कल्पना नव्हती.

आज शनिवार. रकान्यात ‘हो’ लिहिले.

तुमची,
वहिनी

ता. क. मीटरची तार निसटलेली आहे, असे टायरवाला म्हणाला. टायर बदलले त्याच दिवशी दिवा लागत नाही म्हणून डॅशबोर्ड तुम्ही उघडला होता. हे मी अजून कोणाला बोललेले नाही.

ता. क. २. वरचे वाचून यांनी मला आठवण करून दिली. (मी विसरले नव्हते.) त्या संध्याकाळी हात पुसत तुम्ही म्हणाला होतात, “वहिनी, मीटरची तार बसवायची राहिलीय, उद्या येतो. आणि बेल्टचं मीटरवर सोडू नका, आवाज ऐका.” मी म्हणाले होते, “गॅरेजला कामं कमी पडली की तुम्हाला आमची गाडी आठवते. उद्या येऊ नका.” तुम्ही आला नाहीत. सांगितलेले चौदा महिने पाळणारे या घराण्यात दुसरे कोणी नाही, आणि ते नेमके हेच पाळायला नको होते.

उद्या या. पट्टा घेऊन या. आवाज तुम्ही ऐका, मी बोलणार नाही.

हे पत्र घेऊन बसने येणाऱ्या तुमच्या दादांच्या हाती सुपूर्द: पिकअपची चावी, एक. दुसरी चावी, एक (ती आहे हे यांना आजच कळले). नोंदवही, एक, पुढची पाने कोरी, रकाने तुम्ही आखावेत. पेन्सिल, एक. मोठा पुठ्ठा बसमध्ये मावणार नाही, म्हणून दिलेला नाही; तो पिकअपखाली अंथरून ठेवला आहे.