बंद दारांची प्रश्नपत्रिका

तीर्थस्वरूप बकुळामावशीस, परळहून अनुजाचा शिरसाष्टांग नमस्कार (खरंच वाकून केला आहे, कुणी पाहत नव्हतं तरी). तुझा खोकला गेला का? माझगावच्या खाऱ्या वाऱ्यात गॅलरीत फार बसू नकोस. इकडे सगळे बरे; मी थोडी कमी.

शाळेत तिसरीच्या वजाबाकीची परीक्षा माझ्याकडे आली. प्रशिक्षणात सांगितलं होतं, आधी चित्र काढा: मूल कुठून निघेल, कुठे पोचेल, मग त्याच चित्रात प्रश्न घाला. मला पहिले धडे तू घरीच दिलेस, तेही खिडकीचे गज मोजायला लावून. त्यामुळे चित्र म्हटल्यावर मला आपली चाळच दिसली. तळमजल्यावर सोपी गणितं, वर हातच्याची. रंगवता रंगवता मी त्या गॅलरीतून फिरूच लागले; दांडीवरच्या साड्या संथ हलत होत्या, कुठेतरी बांगड्याचं कालवण रटरटत होतं (साड्यांना गुण नव्हते, तरी सर्वांत जास्त वेळ त्यांनाच गेला). हातच्याच्या गणितांची दारं मी बंद काढली. उत्तर आलं की दार उघडणार, अशी माझी गोड कल्पना.

परीक्षेच्या दुपारी वर्ग इतका शांत होता, की मुलं खरंच जिने चढताहेत असं मला वाटत राहिलं. मग पेपर पाहिले. बंद दारांना कुणी हातच लावलेला नाही! अभयला विचारलं, तर म्हणाला, "टीचर, भरदिवसा दार बंद म्हंजे गावाला गेलेत ना ते! कशाला ठोकायचं?" मायाने एका दारावर ‘चावी शेजारी असेल’ असं लिहून शेजारच्या घरातलं उत्तर इथे आणून ठेवलंय (याला चूक म्हणू की शेजारधर्म? अजून गुण दिलेले नाहीत).

आमच्या मुख्याध्यापिका सुचित्राबाई म्हणाल्या, "चाळ सुंदर आहे हो तुझी. पण वर्गाला वजाबाकी येत नाही, असंच मी वर कळवणार. चित्रं बंद, आणि सगळी पोरं जादा तासाला." मी म्हणाले, "त्यांना येते, बाई! ती फक्त सभ्य आहेत." एवढ्या मोठ्याने मी कधी बोलले नव्हते. त्या दचकल्या, आणि सोमवारी फेरपरीक्षा घे म्हणाल्या.

काळजी करू नकोस (ती मी करते आहे).

तुझी,
अनुजा

ता. क. खरं काम राहिलंच. नव्या चित्रात सगळी दारं उघडी काढली. अभय डोकावला (गणितं अजून घातली नव्हती, शपथ!) आणि म्हणाला, "कुणी बोलवल्याशिवाय आत कसं जायचं?" मला घरं जमतात, माणसं जमत नाहीत. तू रविवारी ये आणि प्रत्येक दारात "ये रे" म्हणणारी एकेक बाई काढून दे.

पुन्हा ता. क. कुणाच्याही हातात खाऊ देऊ नकोस. पोरं पहिल्याच घरात बसून राहतील.