दोघं एका फोटोत

४ नोव्हेंबर, मंगळवार

ठरलं. रविवारी दादा येऊन भोपळ्याला घेऊन जाणार. त्याच्या घराला अंगण आहे. आमच्या दोन खोल्यांत या कुत्र्याने शेपूट हलवलं तरी कप पडतो. मी आणि नवरा दिवसभर बाहेर, घरात आई आणि तो. आईला विचारलं तर "तुमचं तुम्ही ठरवा" — आणि त्याच्या डोक्यावर हात ठेवून बसली.

जाण्याआधी त्या दोघांचा एक फोटो हवा. एकच, पण झकास. नवऱ्याचा कॅमेरा आहे, लेन्स मात्र धड नाही.

५ नोव्हेंबर, बुधवार

दिवसभर लोकांच्या नाकावर चष्मे बसवते मी, पण कॅमेऱ्याच्या लेन्समधलं ओ की ठो कळत नाही. कॅमेरावाल्याने नुसता आकड्यांचा मारा केला. माझा चेहरा बघून शेवटी म्हणाला, "ताई, दोन भाड्याने न्या. घरी लावून बघा, पटेल ती विकत घ्या."

एक पंच्याऐंशी मिलिमीटरची. चेहरा सुरेख येतो, पण लांब उभं राहावं लागतं. दुसरी पस्तीसची, जवळूनही अख्खी खोली मावते. मला पंच्याऐंशीचीच आवडली. भारदस्त दिसते. आमच्या दुकानातही मिरवून आणली.

६ नोव्हेंबर, गुरुवार

पंच्याऐंशीने फोटो काढायचा म्हणून मागे सरकत सरकत मी न्हाणीघरात पोचले. आणि तरी दोघं मावेनात! आई आली तर भोपळ्याचं नुसतं शेपूट, भोपळ्या आला तर आईचा नुसता गुडघा. पण फोटो काय येतात — भोपळ्याच्या मिशीचा केस न् केस मोजून घ्यावा. नवरा म्हणाला, "लग्नात मी एवढा देखणा आलो नव्हतो."

आई मात्र बघायलाच तयार नाही. "आई, इकडे बघ, आई, इकडे बघ" करून माझा घसा बसला. ढिम्म! कॅमेरा खाली घेतला की लगेच हसून "काय गं?" भोपळ्या जाणार म्हणून रुसली असेल, तर तसं बोल ना बाई.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

कामाचा डोंगर, फोटो नाही. भोपळ्याने लेन्सचं झाकण चावलं. भाड्याचं!

८ नोव्हेंबर, शनिवार

सकाळी पस्तीसची लावली. आई खिडकीपाशी स्वेटर विणत होती, पायाशी भोपळ्या. बटण दाबून धरलं, पटापट फोटो निघत राहिले. मध्येच बेल वाजली. नवरा किल्ली विसरून गेला होता, नेहमीसारखा. आईने उठून दार उघडलं. एवढंच झालं.

दुपारी ते फोटो ओळीने बघत बसले. आई विणते आहे. पुढच्यात भोपळ्याचे कान ताठ, मान दाराकडे, आई विणतेच आहे. पुढच्यात त्याचं नाक तिच्या गुडघ्यावर. मग आई त्याच्याकडे बघते. आणि मग दाराकडे. बेल तिला ऐकूच आली नव्हती.

मग एकेक आठवायला लागलं. फोन आला की "तूच बोल" म्हणून माझ्या हातात देते. टीव्ही शेजारपाजारच्यांना ऐकू जाईल एवढा मोठा. आणि कॅमेऱ्यामागे माझं तोंड झाकलं की उत्तर नाही, कारण ती माझे ओठ बघून समजून घेत होती. लोकांच्या डोळ्यांवर पोट भरते मी, आणि घरात आईचे कान गेले तरी पत्ता नाही.

नवरा भोपळ्याला फिरवायला घेऊन गेला, तेव्हा आईच्या पाठीमागे उभी राहून हाक मारली. परत मारली. सुया चालूच. मग समोर जाऊन बसले. माझ्या चेहऱ्यावरूनच तिने ओळखलं.

"कळलं होय," म्हणाली. "तुला आधीच कामाचा व्याप. म्हटलं, कशाला आणखी घोर लावायचा. भोपळ्या होता ना."

"मग त्याला पाठवू नका असं का नाही म्हणालीस?"

"का म्हणून विचारलं असतंस की."

मला रडूच आलं. मग तीच मला थोपटत बसली. वर म्हणाली, "नाक पूस, स्वेटरला लागेल."

९ नोव्हेंबर, रविवार

दादाला सांगितलं, कुत्रा मिळणार नाही, नुसता जेवायला ये. पस्तीसची लेन्स विकत घेतली, चावलेल्या झाकणासकट. कानाच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे. आई मशीन लावायला तयार आहे, पण भोपळ्यासमोर लावणार नाही म्हणते.

"त्याला वाटेल, आपली नोकरी गेली."