कामाक्षीबाईंची पिवळी व्हॅन चैत्राला

मी, कामाक्षी, कै. सेतुराम यांची पत्नी, वय एकाहत्तर, राहणार कुंभकोणम्, कोणाच्याही दडपणाशिवाय माझ्यामागची ही व्यवस्था लिहून ठेवते. डोके ठिकाणावर आहे. गुडघ्यांचे सांगत नाही.

१. राहते घर नागलक्ष्मीने हयातभर वापरावे. चोळपुरम्‌हून पहिल्या बसने येऊन तिने माझ्याबरोबर लग्नाच्या कार्यालयांतले संडास धुतले. मी ते काम धरले तेव्हा साऱ्या नातलगांना लाज वाटली. ती करायची त्याचे कोणालाच काही वाटले नाही. हे मला पहिल्या दिवसापासून खटकते. तिच्यामागे घर माझ्या भाचीचे, चैत्राचे.

२. बँकेतली ठेव कामावरच्या बायकांना सारखी वाटावी.

३. मी हे काम धरले म्हणून जाऊबाई विजयलक्ष्मी यांनी, माझे यजमान हयात असतानाच, मला हळदीकुंकवाला बोलवायचे सोडले. पुढे त्यांची मोरी तुंबली तेव्हा मागच्या दाराने यायचा निरोप आला. मी पुढच्या दाराने गेले. माझा चांदीचा करंडा त्यांना द्यावा. राग नाही. थोडा आहे.

४. सफाईचा धंदा, यंत्रे आणि पिवळी व्हॅन माझी भाची चैत्रा हिला. तिला हेच करायचे आहे. तिचा बाप, माझा धाकटा भाऊ विजयराघव, म्हणतो की अशाने सोयरीक जमणार नाही. एकदा मोडलीही. तिरुप्पनंदाळचे पाहुणे यायचे होते, तेव्हा तो म्हणाला, "अक्का, आजच्यापुरती व्हॅन मागल्या गल्लीत ठेव." मी ठेवली. पण चैत्राने पाहुण्यांना सरळ सांगितले की आत्या संडास साफ करायचा धंदा करते आणि मीही करणार. कॉफी अर्धी टाकून मंडळी उठली. तेव्हापासून राघवने माझा उंबरा ओलांडलेला नाही.

बापाच्या मनाविरुद्ध पोर काही करणार नाही. म्हणून साक्षीला त्यालाच बोलावले आहे. राघव, तू सही केली नाहीस तर हे कलम रद्द समजावे आणि व्हॅन विकावी. तुला मी कडेवर घेऊन वाढवले. तुझ्यावर माझी फार माया आहे, सही कर वा न कर.

कुंभकोणम्, १२ फेब्रुवारी २०२५
(सही) कामाक्षी

साक्षीदार:
१. जानकीराम, शेजारी (सही)
२. विजयराघव, चैत्राचा बाप (सही)
त्याखाली त्याच्याच अक्षरात: कलम चार मान्य. चैत्राला सोमवारी पाठवतो. तिला शिकवून पुरे होईतो तू कुठे जायचे नाहीस, अक्का.