बाळ यायच्या आधी फुलं करायची नाहीत

आय, तुझं ऐकलं हेच चुकलं. बाळ पोटात असताना त्याच्यासाठी काही म्हणजे काही करून ठेवायचं नाही, झबलं नाही, टोपरं नाही, कागदाचं एक फूलसुद्धा नाही, असं तू सांगून गेलीस आणि मी डोकं गहाण ठेवल्यासारखी ऐकत बसले. का नाही, ते सांगितलंस? कधी कुणाला कारण दिलंस तू? डोळे वटारायचे, की विषय खलास.

इथे आखातात, वादी कबीरला दोन खोल्यांत मी दिवसभर कागदाची फुलंच करते. आता ती आल्बमला लावतात. जाड पानांचा मोठा आल्बम, पानावर बाळाचा फोटो आणि भोवती माझी फुलं, कागदाच्या फिती, मोत्यासारखे मणी. स्क्रॅपबुक म्हणतात. तुझ्यासारखं टपोरं फूल इथे चालत नाही, आल्बम मिटत नाही. म्हणून पाकळ्या विणायच्या सुईवर वळवायच्या, मधे मणी चिकटवायचा आणि वर पोळपाट ठेवून दाबायचं. वसईच्या दमट हवेत तुझा क्रेपचा कागद संध्याकाळपर्यंत मान टाकायचा, इथे एसीच्या कोरड्या हवेत कडक राहतो. आणि बायका बाळ यायच्या आधीच ऑर्डर देतात गं. एक पुण्याची इंजिनिअर पोट सावरत जिना चढून आली. म्हणाली, "मावशी, गुलाबी पण करा, निळी पण करा. जे निघेल त्याला लावू, उरलेली पुढच्याला." मीपण हसले. तिचा मुलगा आता रांगतो, धडधाकट आहे. मग तुझा नियम काय फक्त आपल्याच घराला होता?

माझी पोरगी पोटुशी असताना रुसैलहून नवऱ्याला घेऊन दर शुक्रवारी यायची. जावई तिथे फॅक्टरीत आहे. आली की माझ्या टेबलावरची फुलं उलटीपालटी करायची. "मम्मी, माझ्या बेबीचं फर्स्ट पेज कधी?" मी म्हणायची, "येऊ दे आधी." "तू ना, एकदम ओल्ड झालीस." कात्री दिसली की मी टेबलाखाली सरकवायची, तिच्या हाती पडू द्यायची नाही. रंग मात्र मनात ठरला होता, फिकट पिवळा. सांगितला नाही कुणाला.

बाळ आठव्यात आलं. मुलगी. दोन दिवस राहिली. पाद्रींनी हॉस्पिटलातच बाप्तिस्मा दिला. मातीला दिली त्या दिवशी जावयाचा मित्र वाटेत थांबून दुकानातली प्लास्टिकची फुलं घेऊन आला, बिचाऱ्याने चांगल्या मनानेच आणली. पांढऱ्या पेटीवर ती ठेवली. माझ्या पोरीने त्या फुलांकडे बघितलं आणि मग माझ्या हातांकडे. आता माझ्याकडेच राहते आहे, तर परवा चहा पिताना बोलली. "सगळ्यांच्या बेबीजना बनवलंस. माझ्याच बेबीला का नाही? तुला नको होती ती?"

"आजीने सांगितलं होतं."

"बट व्हाय?"

"मला नाही माहीत."

"माहीत नाही, आणि ऐकलंस?" कप तसाच टाकून आत गेली आणि दार लावून घेतलं.

मला तुझी ओटी आठवते. मी हिच्या वेळी सातव्यात बाळंतपणाला आले आहे, तू शेजारणीच्या पोरीला चर्चमध्ये पहिल्या कम्युनियनला घालायचा फुलांचा मुकुट करते आहेस. मी सहज एक कागद उचलते, पाकळी कापायला घेते. तू कात्री हिसकावतेस आणि माझ्या हातावर फटका मारतेस, एवढ्या मोठ्या बाईला, शेजारणीसमोर. "पोटातलं बाहेर येऊ दे आधी." ही झाली, रडली, तशी तू हात धुऊन फुलं करायला बसलीस आणि अंधार पडेपर्यंत पाळणा फुलांनी भरलास. पाळण्यात पोर कुठे आणि फुलं कुठे कळेना. हिला ती गोष्ट शंभरदा सांगितली आहे मी. म्हणून तर तिला जास्त लागलं.

तू गेलीस त्या दिवशी मावशी माझ्या कानाशी म्हणाली, मी व्हायच्या आधी तुझं एक मूल झालं होतं. मुलगा. त्याच्यासाठी तू आधीच पाळण्याची फुलं करून ठेवली होतीस, तीच त्याच्या पेटीत घातली. तेव्हा मला वाटलं, आता कळलं. आज वाटतं, काहीच कळलं नाही, म्हणून तर पोरीला माहीत नाही म्हणाले. तू केलीस तरी तुझं गेलं. मी केली नाहीत तरी आमचं गेलं.

पोरीने काल टेबलावर फोटो ठेवला. एकच आहे, नर्सने काढलेला. म्हणाली, पान कर. पिवळा कागद आणलाय, कापलाय. पाकळी वळवायला घेतली की हात थांबतो. हे पत्र पोचणार नाही, एवढं कळतं मला, चौथी शिकलेली असले तरी. तुला लिहिते कारण पोरीच्या दारावर थाप मारायला भीती वाटते.

शुक्रवारी चर्चमध्ये बाळाच्या महिन्याची मिस्सा आहे, त्याच्या आत पान झालं पाहिजे. तू एवढी वर्षं गप्प बसलीस, आता बसू नकोस. फुलांनी काही होतं का, की तुला फक्त दोष द्यायला काहीतरी हवं होतं? मी पोरीला काय सांगू? गुरुवारपर्यंत मला उत्तर पाहिजे.