लांबच्या टेबलावरचं बोलणं

ती. बाबा,

तुम्ही माझ्यासाठी काम शोधायला काकांकडे गेलात, हे आईच्या तोंडून निसटलं. म्हणजे रविवारी तुम्हाला सगळं कळलं होतं.

तुम्ही जिथे माग चालवलेत त्या गिरणीचं आता हॉटेल झालंय आणि मी तिथे वाढपी आहे, म्हणून कौतुकाने तुम्हाला जेवायला बोलावलं. मागांच्या खडखडाटात तुम्ही सगळे ओठ बघूनच बोलणं ओळखायचात, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. मालक पार पलीकडच्या टेबलाशी उभे होते. माझ्याकडे बघत ते मॅनेजरला काहीतरी म्हणाले आणि तुमचा चमचा हवेतच राहिला.

"बाबा, काय झालं?"

"काही नाही रे, तिखट लागलं."

तुम्ही आइस्क्रीम खात होता.

महिनाअखेर मला काढणार, हे मॅनेजरने मला शनिवारीच सांगितलं होतं. म्हणून तर घाई केली. नोकरी आहे तोवर तुम्हाला एकदा माझ्या हाताने वाढायचं होतं.

हे पत्र टाकणार नाही. तुम्ही आलात की मला काहीच ठाऊक नसल्यासारखा वागेन. काम नाही मिळालं तरी लवकर घरी या.

आई ज्याला घाबरट म्हणते तो,
तुमचा धाकटा